पकडीचं मोल: सिद्धार्थ देसाईच्या चढाईचं रसग्रहण

कबड्डीच्या सामन्यात चढाईपटू पकडला गेला की मैदानाभोवतीची माणसं त्याच्याबद्दलचं मत एका क्षणात बनवून टाकतात. मघाशी याच गड्यानं एका चढाईत दोन गडी टिपले होते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात नसतं. तो पालथा पडलेला असतो, अंगावर तिघं-चौघं असतात, हात मध्यरेषेकडे ताणलेला असतो आणि रेषा वीतभर लांब राहिलेली असते. हे दृश्य इतकं ठसठशीत असतं की आधी मिळवलेले गुण त्याच्याखाली झाकले जातात. स्पर्श करून परतणं डोळ्याच्या पापणीएवढ्या वेळात होऊन जातं. पकड मात्र सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी, शिट्टी वाजेपर्यंत चालते. जे जास्त वेळ दिसतं ते जास्त लक्षात राहतं, आणि जे लक्षात राहतं त्यावरून आपण खेळाडूची किंमत करतो.

म्हणून एक प्रश्न नीट विचारावासा वाटतो. चढाईपटूचं मोल ठरवताना तो किती वेळा पकडला गेला, याला किती वजन द्यायचं? आणि हा प्रश्न विचारायला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या एका खेळाडूसारखा दुसरा दाखला नाही. त्याचं नाव सिद्धार्थ देसाई.

सिद्धार्थ चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. हा तालुका आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे, पण 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो बेळगाव जिल्ह्याचा भाग होता. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातून चंदगड तेवढा वगळला गेला आणि कोल्हापूरला जोडला गेला. कागदावर जिल्हा बदलला, तरी बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला जायची वाट बेळगावचीच राहिली. शिनोळीची हद्द ओलांडली की पाट्यांवरची लिपी बदलते. मैदानावर मात्र इकडेही 'धर, धर' आणि तिकडेही 'धर, धर'च. फरक पडतो तो निवड चाचणीच्या दिवशी. खानापूर, बेळगाव, निपाणीकडचा पोरगा कर्नाटकाचं दार ठोठावतो आणि चंदगड-गडहिंग्लजचा महाराष्ट्राचं. जत्रेतल्या सामन्यात एकमेकांचे पाय धरणारी पोरं राज्याच्या स्पर्धेत दोन वेगळ्या रंगांच्या जर्सीत दिसतात. या साऱ्या टापूत कुस्तीचा मान मोठा. इथल्या माणसाच्या डोळ्याला अंगाची झटापट वाचायची सवय आहे. सिद्धार्थचा खेळ या डोळ्यांना लगेच कळतो, त्यामागं हेही कारण असावं.

2018 साली प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात यू मुंबानं त्याला घेतलं, तेव्हा तो विशीतला कोवळा पोरगा राहिला नव्हता. पंचविशी उलटून गेली होती. 7 ऑक्टोबर 2018 ला चेन्नईत पुणेरी पलटणविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला आणि पहिल्याच सामन्यात चढाईच्या गुणांचा दहाचा आकडा ओलांडून गेला. तो सामना 32-32 असा बरोबरीत सुटला. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर चढाईचे 218 गुण होते. समालोचकांनी आणि चाहत्यांनी त्याला 'बाहुबली' करून टाकलं. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं 1 कोटी 45 लाख रुपये मोजले आणि त्या वर्षीचा तो सगळ्यात महागडा खेळाडू ठरला. थोरला भाऊ सूरज हाही त्याच संघात होता. एका डोंगराळ वाडीतले दोन भाऊ देशातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत एका संघाकडून उतरले, याचा आनंद सीमेच्या दोन्ही बाजूंना झाला.

आता त्याची चढाई जवळून पाहू.

पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतं. मध्यरेषेपासून समोरच्या अंतिम रेषेपर्यंत साडेसहा मीटर. त्यात पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि तिच्यामागे उरतात पावणेदोन मीटर. दोन्ही अंगांना एकेक मीटरचं राखीव क्षेत्र असतं आणि झटापट सुरू झाल्याशिवाय ते खुलं होत नाही. म्हणजे चढाईपटूला खरोखर मिळते ती आठ मीटर रुंदीची पट्टी, समोर सात माणसं आणि 30 सेकंद. एवढ्याशा जागेत सहा फुटांच्या आसपासचा, रुंद खांद्यांचा माणूस शिरतो, तेव्हा पहिल्या नजरेला तो अडचणीत आल्यासारखाच वाटतो. चपळ गड्याला लपायला जागा लागत नाही. या अंगाला ती कुठून मिळणार?

सिद्धार्थ लपायला जातच नाही. त्याचं खरं हत्यार धावता हात. बचावाच्या रांगेला समांतर तो तिरका सरकतो. एका कोपऱ्याकडे जातोय असं वाटत असतानाच पुढचा पाय मध्यरेषेच्या दिशेनं वळतो. अंग परतीला लागलेलं असतं आणि लांब हात मात्र मागे राहिलेला असतो. त्या हाताचं टोक कव्हरच्या खांद्याला किंवा कोपऱ्यातल्या गड्याच्या पाठीला लागतं, तेव्हा बचावपटू पकडीसाठी पुढे झेपावलेला असतो. म्हणजे त्याची झेपच त्याला बाद करते. हा डाव उंच माणसालाच शोभतो, कारण त्यात सगळी करामत हाताच्या लांबीची आणि परत फिरण्याच्या क्षणाची आहे.

पण हा डाव दर वेळी साधत नाही. कधी कोपऱ्यातला गडी आधीच घोट्यावर किंवा मांडीवर हात टाकतो. इथून सिद्धार्थच्या खेळाचा दुसरा अंक सुरू होतो, आणि गंमत आहे ती याच अंकात. मांडी धरली गेली तरी त्याचा पाय थांबत नाही. दुसरा कमरेला येतो, तिसरा पाठीवर. तो खाली न बसता कंबर पुढे रेटत राहतो आणि मध्यरेषेवर आडवा होतो. हाताचं बोट रेषेपलीकडे गेलं की त्याला धरणारे सगळे बाद. ज्या क्षणी त्याची पकड झाली असं दिसत होतं, त्याच क्षणाचे दोन किंवा तीन गुण होतात. कुस्तीच्या आखाड्यात वाढलेल्या नजरेला याचं मोल सांगावं लागत नाही. खालचा पैलवान अजून चीत झालेला नाही, हे ती नजर ओळखते.

म्हणूनच त्याच्या पकडी मोजताना जपून मोजाव्या लागतात. जो गडी झटापट टाळतो तो कमी पकडला जातो. जो झटापटीतून गुण काढतो त्याला झटापटीत हरण्याची तयारी ठेवावीच लागते. तीन-तीन गुणांची चढाई आणि मैदानाच्या मधोमध झालेली चारचौघांदेखतची पकड या एकाच स्वभावाच्या दोन बाजू आहेत. पकडी नकोत आणि अव्वल चढाया मात्र हव्यात, असा सौदा या खेळात होत नाही.

बेसबॉलच्या जाणकारांनी आपल्या खेळात नेमकं हेच शोधून काढलं. त्यांचा तिथला शब्द 'स्ट्राइकआउट'. गोलंदाजाच्या चेंडूवर फलंदाजाची बॅट हुकली, किंवा टप्प्यातला चेंडू त्यानं नुसता सोडून दिला, की एक 'स्ट्राइक' धरला जातो. तीन झाले की तो बाद. या बाद होण्यात फार मोठी नामुष्की मानली गेली. चेंडूला बॅट लागली नाही, काहीच घडलं नाही, गडी मान खाली घालून परतला. 1888 साली अर्नेस्ट थेयर यांनी लिहिलेली 'केसी ॲट द बॅट' ही अमेरिकेतली बहुधा सगळ्यात लोकप्रिय खेळकविता. साऱ्या गावाचा लाडका फलंदाज असाच बाद होतो, तिथंच ती संपते. तिकडच्या पिढ्यान् पिढ्या ही नामुष्की पाठ करत मोठ्या झाल्या.

मग आकडे मांडणारी माणसं आली. बिल जेम्स यांनी 1977 पासून आपली वार्षिक पुस्तकं काढायला सुरुवात केली. पीट पामर यांनी मैदानावरच्या प्रत्येक घटनेची सरासरी किंमत धावांमध्ये मांडली. त्यातून दिसलं ते असं, की स्ट्राइकआउटनं बाद होणं आणि सोपा झेल देऊन बाद होणं यांत संघाचं नुकसान जवळपास सारखंच. शंभर वेळा असं बाद झालं तरी फरक दोन-तीन धावांच्या घरात. झेल उडाला तर तळावर (बेसवर) उभा असलेला सोबती एखादे वेळी पुढे सरकतो, हे खरं. पण चेंडू जमिनीलगत थेट क्षेत्ररक्षकाकडे गेला तर एका फटक्यात दोघं बाद होण्याची भीती असते. बॅट हुकली की ती जवळपास नसते. फायदा-तोटा एकमेकांना छेदून जातात.

रेगी जॅक्सन हा या हिशेबाचा सगळ्यात मोठा साक्षीदार. 2597 वेळा स्ट्राइकआउट होण्याचा विक्रम त्याच्याच नावावर आहे. त्याच जॅक्सननं 563 होमरन मारले आणि 1993 साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये मानानं बसवलं गेलं. दुसऱ्या टोकाला जो सिवेल. 1925 च्या हंगामात 608 वेळा फलंदाजी करून तो फक्त चारदा स्ट्राइकआउट झाला. तोही हॉल ऑफ फेममध्ये आहे. दोघांनाही मान मिळाला तो त्यांनी जे मिळवलं त्यासाठी. एक हुकायचा, एक हुकत नसे, यावरून त्यांची पायरी ठरली नाही.

हे क्रिकेटच्या वाचकाला पटायला जड जाऊ नये. यष्टी उखडली गेली किंवा सीमारेषेवर सुंदर झेल गेला, दोन्हींत गडी एकच जातो. पूर्वी झेल जाईपर्यंत फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं तर नवा गडी दुसऱ्या टोकाला यायचा. ऑक्टोबर 2022 पासून तोही फरक पुसला गेला. तरी त्रिफळा उडाला की आपण हळहळतो ती जास्तच.

कबड्डीतही असंच आहे. घोट्याची पकड झाली, कव्हरनं धडक देऊन रेषेबाहेर ढकललं, साखळीत सापडला, किंवा स्वतःचाच पाय तोल जाऊन बाहेर पडला, प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो एकच. गावच्या मैदानावर मात्र यांना निरनिराळी शिक्षा मिळते. साखळीत चिरडला गेलेला गडी टिंगलीचा धनी होतो, आणि रेषेवर हलकेच पाय पडलेल्याकडे कुणी पाहतही नाही. खरं तर पहिल्यानं निदान तिघांना आपल्यावर झेपावायला लावलं होतं. दुसऱ्यानं गुण फुकट दिला. नजरेला जी पकड जास्त बोचते ती संघाला जास्त महाग पडतेच असं नाही, ही बेसबॉलची शिकवण इथवर जशीच्या तशी लागू पडते.

इथून पुढे मात्र आपला खेळ वेगळ्या वाटेनं जातो, आणि ती वाट समजून घ्यायला आपल्याच जुन्या प्रकारांकडे वळायला हवं. कबड्डीचे तीन प्रकार जुन्या खेळाडूंना ठाऊक असतात: संजीवनी, गामिनी आणि अमर. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही. समोरच्याला गुण मिळतो आणि खेळ पुढे चालू राहतो. गामिनीत बाद झालेला बाहेर बसतो, तो आपला सगळा संघ बाद होईपर्यंत परत येत नाही. संजीवनीत समोरचा एक गडी टिपला की आपला एक बाद गडी उठतो. आज जगभर खेळली जाते ती संजीवनी.

या तीन नावांत जगातल्या तीन खेळांचा न्याय सामावलेला आहे. बेसबॉल अमरच्या जातीचा: स्ट्राइकआउट झालेला फलंदाज बाकावर जातो, पण फिरत्या क्रमानं त्याची पाळी पुन्हा येतेच. क्रिकेट गामिनीच्या जातीचं: एकदा गेलेला गडी त्या डावात परतत नाही, म्हणून तिथं विकेटला इतका भाव. कबड्डी या दोघांच्या मधली. पकडीची किंमत इथं ठरलेली नाही. कधी ती एका गुणाची असते, कधी त्याच्या कितीतरी पट.

ती कशी वाढते ते पाहा. समोर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना चढाईपटू सापडला तर ती अव्वल पकड, दोन गुण. आपला तो शेवटचाच गडी असेल तर पकडीचा एक आणि सगळा संघ बाद झाला म्हणून लोणाचे दोन, एका फटक्यात तीन गुण गेले. चढाईपटूनं बोनस रेषा ओलांडली आणि मग तो सापडला, तर फलकावर एक-एकची बरोबरी दिसते; पण बोनसनं कुणी उठत नाही, आपला गडी मात्र बाहेर जातो आणि समोरचा एक गडी उठून येतो. आणि सगळ्यात मोठी किंमत फलकावर कधीच दिसत नाही. बाद गडी ज्या क्रमानं गेले त्याच क्रमानं उठतात. मुख्य चढाईपटू बाहेर बसला की त्याच्या वाट्याच्या चढाया दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या गड्याला कराव्या लागतात. सिद्धार्थसारख्याची एक पकड म्हणजे त्याच्यावाचूनची पुढची काही मिनिटं. बचाव जिवावर उदार होऊन त्याच्यावर तुटून पडतो तो एका गुणासाठी नाही, या मिनिटांसाठी.

तेव्हा कबड्डीत पकड बिनमहत्त्वाची, असं म्हणता येत नाही. पण मग पकडीच मोजून निकाल लावावा का? तेही नाही, कारण कबड्डीत बेसबॉलमध्ये नसलेली एक गोष्ट आहे: रिकामी चढाई. तिकडे फलंदाज तळावर पोहोचला नाही की बहुधा बादच. इकडे चढाईपटूला काही न मिळवता, काही न गमावता परतता येतं.

दोन काल्पनिक चढाईपटू समोर घेऊ. दोघांनीही सामन्यात वीस-वीस चढाया केल्या. पहिल्यानं नऊ गुण मिळवले, सहा वेळा पकडला गेला आणि सहा वेळा रिकामा परतला. दुसऱ्यानं चार गुण मिळवले, एकदाच पकडला गेला आणि पंधरा वेळा रिकामा परतला. मिळवलेल्यांतून गमावलेले वजा केले तर दोघांची शिल्लक तीनच. गावातली बहुतेक माणसं दुसऱ्याला 'सांभाळून खेळणारा' म्हणतील आणि पहिल्याला 'धांदरट'. जमाखर्च मात्र बरोबरीचा आहे.

मग फरक कुठं आहे? तो त्या पंधरा रिकाम्या चढायांत आहे. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी निर्णायक होते. तिच्यात गुण मिळवायचा, नाहीतर बाद व्हायचं. दुसऱ्या गड्यानं रिकामं परतून आपली पाटी कोरी ठेवली, आणि तिसऱ्या चढाईचं ओझं दुसऱ्याच कुणाच्या तरी खांद्यावर पडलं. तो दुसरा कुणी पकडला गेला तर ती पकड त्याच्या नावावर लागणार. म्हणजे सांभाळून खेळण्याचा काही खर्च सोबत्यांच्या खात्यावर चढतो. निर्णायक चढाईत तीस सेकंद संपेपर्यंत अंतर राखून नाचणारा गडी हा टप्प्यातला तिसरा चेंडू बॅट न हलवता सोडून देणाऱ्या फलंदाजासारखाच. अंगाला माती लागली नाही, तरी बाद तो झालाच.

पण इथं सांभाळून खेळणाऱ्यावर अन्याय होता कामा नये, आणि त्यासाठी सिद्धार्थच्याच यू मुंबाचा आधीचा कर्णधार आठवावा. अनुप कुमार. 2014 च्या पहिल्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण त्याचे होते, 2015 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली यू मुंबानं अजिंक्यपद जिंकलं आणि 2016 ला त्यानंच भारताला विश्वचषक जिंकून दिला. अनुपचा खेळ सिद्धार्थच्या अगदी उलट. तो आत जायचा, बघायचा, पायाचं टोक बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि परत यायचा. संघ पुढे असताना त्याची रिकामी चढाई म्हणजे घड्याळातली तीस सेकंदं खाऊन टाकण्याचं काम होतं. समोर किती गडी आहेत, आपले किती बाहेर आहेत, किती मिनिटं उरलीत, हे सगळं त्याच्या डोक्यात एकदम चालायचं. त्याचं रिकामं परतणं भित्रेपणाचं नव्हतं, त्याला हेतू होता. म्हणजे रिकामी चढाईसुद्धा सरसकट वाईट किंवा सरसकट चांगली नाही. ती केव्हा केली, यावर सगळं आहे.

अनुप आणि सिद्धार्थ यांना शेजारी ठेवलं की या रसग्रहणाचा गाभा हाती येतो. एकानं पकडीची किंमत ओळखून ती टाळण्याची कला केली. दुसऱ्यानं तीच किंमत मोजायची तयारी ठेवून तिच्यातून मोठा नफा काढला. पकडींची संख्या एवढंच माप लावलं तर अनुप मोठा, एका चढाईतले गुण हेच माप लावलं तर सिद्धार्थ मोठा, आणि दोन्ही निर्णय अर्धवट. चढाईपटूचं मोल त्याच्या जोखमीच्या जाणतेपणात आहे. सात बचावपटू समोर असताना, सुरुवातीच्या मिनिटांत, आपला संघ भरलेला असताना झटापटीत शिरणं ही एक गोष्ट. समोर तीनच उरले आहेत, मागे आपलाही एकच गडी आहे, तेव्हा शिरणं ही दुसरी. गुणपत्रकात दोन्ही पकडी सारख्याच अक्षरांत लिहिल्या जातात, पण पहिली बहुतेक वेळा क्षम्य असते आणि दुसरी सामना घालवते.

आणखी एक गोष्ट सिद्धार्थच्याच आकड्यांतून दिसते. यू मुंबाकडून पहिल्या हंगामात 218 गुण, तेलुगू टायटन्सकडून दुसऱ्यात 217. चढाईपटू तोच, मिळकत तीच. पण पहिल्या वर्षी त्याचा संघ बाद फेरीत पोहोचला आणि दुसऱ्या वर्षी गुणतक्त्याच्या तळाजवळ अडकला. माणूस एका वर्षात कमी मोलाचा झाला, असं म्हणायला काही आधार नाही. संजीवनीत चढाईपटूचं मोल त्याच्या बचाव फळीशी बांधलेलं असतं. तो बाहेर बसलेला असताना एखादी चांगली पकड करून त्याला लवकर उठवणारे कोपरे असले तर त्याची पकड स्वस्तात सुटते. तसे कोपरे नसले तर तीच पकड महाग होते. चढाईपटूच्या पकडीची किंमत अर्धी तो ठरवतो, अर्धी त्याचे बचावपटू ठरवतात.

बेसबॉलमध्येही या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. फलंदाजाच्या बाबतीत स्ट्राइकआउट जवळपास निरुपद्रवी ठरले, पण गोलंदाजाच्या बाबतीत ते फार मोलाचे ठरले. 2001 साली वोरोस मॅकक्रॅकन यांनी दाखवलं, की बॅटला लागलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो की मोकळ्या जागेत पडतो, यावर गोलंदाजाचा ताबा फारच थोडा असतो. त्याच्या स्वतःच्या हातात असलेल्या मोजक्या गोष्टींत स्ट्राइकआउट पहिली. एकच घटना, पण एका बाजूला कमी वजनाची आणि दुसऱ्या बाजूला जड. याचं कारण समजायला अवघड नाही. वारंवार हुकणारा फलंदाज मोठ्या लीगमध्ये टिकून असतो, कारण लागलेल्या चेंडूवर तो त्याची भरपाई करतो. भरपाई न करणारे आधीच गळलेले असतात. म्हणून खालच्या पातळीवर खेळणाऱ्या तरुण फलंदाजाचे स्ट्राइकआउट निवडकर्ते बारकाईनं बघतात. तिथं ते पुढच्या अडचणीची खूण असू शकतात.

हा धडा आपल्या गावच्या मैदानांवर उपयोगी पडेल. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा जत्रेच्या स्पर्धेत अंगाच्या जोरावर तिघांना ओढत रेषेवर येतो, तेव्हा सगळे खूश होतात. मॅटवर, राज्याच्या संघापुढे हाच जोर पुरणार नाही. तिथले कोपरे घोट्याला हात घालतात तो वेळेवर, आणि साखळी एका इशाऱ्यावर बंद होते. त्या वयातल्या पकडी शिव्या देण्यासाठी मोजू नयेत, शिकवण्यासाठी मोजाव्यात. कुठल्या कोपऱ्यात सापडतो? आत जाताना की परतताना? पाय सापडतो की कंबर? घोट्याला सापडणाऱ्या पोराला पायांचं काम शिकवता येतं. कमरेला सापडणाऱ्याला परत फिरण्याची वेळ शिकवता येते. या प्रश्नांची उत्तरं लिहिलेली एक साधी वही प्रशिक्षकाच्या हाती असेल तर पोराच्या पकडीच त्याच्या पुढच्या गुणांची तयारी करून देतात. नुसत्या ओरड्यानं एकच घडतं: पोरगा रिकामा परतायला शिकतो. चांगल्या चढाईपटूचं आयुष्य असं फुकट जाताना पाहणं मला फार लागतं, कारण त्यात चूक त्याची नसते, त्याला जोखणाऱ्या आपल्या नजरेची असते.

गुणपत्रक लिहिणाऱ्यांनीही थोडा विस्तार केला तर बरं होईल. चढाईपटूच्या नावापुढे मिळवलेले गुण, रिकाम्या चढाया आणि पकडी असे तीन आकडे असतात. त्यांच्या जोडीला प्रत्येक पकडीच्या वेळी समोर किती गडी होते, आपले किती बाहेर होते आणि ती तिसरी चढाई होती का, एवढं लिहिलं की त्या पकडीची खरी किंमत वाचता येते. स्थानिक स्पर्धांच्या लेखनिकाला हे जड नाही. शिट्टी वाजली की मैदानावरची डोकी मोजायची, एवढंच काम.

असा कागद हाती घेऊन चंदगडच्या या गड्याकडे पाहिलं की त्याच्या झटापटी आणि त्याचे गुण एकाच ओळीत वाचावे लागतात. त्यानं ज्या जोखमीतून दोनशेअठरा गुण काढले, तीच जोखीम त्याला कधी कधी पालथा पाडून गेली. चढाईपटूला किती वेळा धरलं, हा प्रश्न विचारायला हरकत नाही; पण त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. धरला जाण्याच्या तयारीनं त्यानं काय मिळवून आणलं, आणि धरला गेला तेव्हा संघाला ते परवडत होतं का? या दोन्हींची उत्तरं चांगली असतील, तर त्या पकडी त्याच्या मोठेपणातच जमा धराव्यात.